विक्रमी लॅप कानांनी वाचताना: नॉर्डश्लाइफची नोंदवही

गेले काही आठवडे सिम्युलेटरच्या खुर्चीत कमी आणि हेडफोन लावून जास्त बसतोय. नॉर्डश्लाइफ म्हणजे जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा लांबलचक डोंगरी ट्रॅक. तिथल्या विक्रमी लॅपचे, म्हणजे पूर्ण फेऱ्यांचे, केबिनमधले व्हिडिओ आपण सगळेच पुन्हा पुन्हा पाहतो. मी आता ते ऐकायला घेतलेत. आवाजातून इंजिनाचे आरपीएम काढायचे, त्यांचा आलेख मांडायचा आणि शेजारी माझ्या सिममधल्या लॅपचा आलेख ठेवायचा, असा उद्योग चाललाय. मागच्या नोंदीत सिममधली ९९२ जीटी३ (पोर्शे ९११ जीटी३ची ९९२ ही पिढी) घेऊन ७ मिनिटं १२ सेकंदांवर अडकलो होतो. आज सगळ्यात चांगली वेळ ७:०४ आहे, आणि त्यातला मोठा वाटा या ऐकण्याचा आहे.

लक्ष्य म्हणून समोर ठेवलेली वेळ तीच: लार्स केर्न, पोर्शे ९११ जीटी३, २०२१, ६:५९.९२७. केर्न हा पोर्शेचा डेव्हलपमेंट ड्रायव्हर. गाडी तयार होत असताना जो तिच्यावर महिनोन्महिने काम करतो, त्यानंच शेवटी वेळ लावायची, हे मला फार आवडतं. शर्यतीत प्रतिस्पर्धी दिसतो, त्याच्या चुकीचा फायदा घेता येतो. इथे रिकाम्या ट्रॅकवर एकटी गाडी आणि २०.८३२ किलोमीटरचा रस्ता. एका ठिकाणी पाव सेकंद गेला, तर तो परत मिळवायला कुणाला ओव्हरटेक करता येत नाही.

आधी हिशोबाची एक बाब, कारण त्याशिवाय पुढची तुलना फसते. नॉर्डश्लाइफच्या वेळा दोन लांब्यांवर मोजलेल्या आहेत. जुन्या बहुतेक उत्पादक-वेळा साधारण २०.६ किलोमीटरवरच्या, त्यात टी-१३ या प्रेक्षक-स्टँडसमोरचा तुकडा धरलेला नसायचा. २०१९ पासून अधिकृत वेळ पूर्ण २०.८३२ किलोमीटरची. पोर्शेनं संक्रमणाच्या काळात दोन्ही आकडे दिले, हे आपलं भाग्य. जीटी३ची छोट्या लांबीवरची वेळ ६:५५.३४, म्हणजे फरक ४.५९ सेकंदांचा. २०२२ मध्ये यॉर्ग बेर्गमाइस्टरनं जीटी३ आरएसला (जीटी३च्या अधिक टोकदार आवृत्तीला) लावलेल्या वेळा ६:४९.३२८ आणि ६:४४.८४८, फरक ४.४८. सुमारे २३२ मीटर ४.४८ सेकंदांत, म्हणजे ताशी १८६ किलोमीटरच्या आसपास. आकडे एकमेकांशी जुळतात, त्यामुळे जुन्या वेळांत साडेचार सेकंद मिळवून तुलना करायला मला आता धाकधूक वाटत नाही.

लांबी एकसारखी केली की काही तुलना अंगावर काटा आणतात. मार्क लीबनं सप्टेंबर २०१३ मध्ये पोर्शेची ९१८ स्पायडर ६:५७ मध्ये फिरवली. सात मिनिटांच्या आत आलेली ती पहिली उत्पादन-गाडी, ८८७ अश्वशक्तीची हायब्रिड. त्याच लांबीवर ५१० अश्वशक्तीची, टर्बो नसलेली, मागच्याच चाकांवर चालणारी जीटी३ आठ वर्षांनी तिच्या पुढे गेली. आणि तिच्या आधीच्या पिढीची जीटी३? तीही केर्ननंच २०१७ मध्ये चालवली होती, ७:१२.७ मध्ये. ताकद फक्त दहा अश्वशक्तीनं वाढली आणि वेळ सतरा सेकंदांनी घसरली. पुढच्या चाकांना आलेलं डबल विशबोन सस्पेन्शन, वरून टांगलेला मागचा विंग, मिशलिनचे कप २ आर टायर, ही त्याची कारणं. सरळ रस्त्यावर यातलं फारसं काही कामाला येत नाही. सतरा सेकंद वळणांत सापडलेत, हे लक्षात आल्यावरच मी सरळ रस्त्यांकडे बघणं सोडलं.

आता आवाजाकडे. जीटी३चं इंजिन सहा सिलेंडरचं, फोर-स्ट्रोक. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात तीन सिलेंडर पेटतात. ९००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेरे, म्हणजे ४५० वेळा प्रज्वलन. आवाजाच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठली वारंवारता किती जोरात आहे हे दाखवणाऱ्या चित्रात, ४५० हर्ट्झवर एक ठसठशीत रेघ उमटते. रेघ जिथे असेल त्या हर्ट्झला २० ने गुणा, आरपीएम मिळाले. माइक गाडीतच बसवलेला असल्यानं डॉप्लरची भानगड नाही. कुंपणाबाहेरून काढलेल्या व्हिडिओवर मात्र हा प्रयोग करू नका, गाडी जवळ येताना आणि लांब जाताना रेघ सरकते आणि सगळं गणित बिघडतं. गिअर कुठला हे रेघेच्या पायऱ्यांवरून कळतं. एखाद्या ठिकाणी पडद्यावर वेग दिसत असेल, तर त्यावरून त्या गिअरचं आरपीएम-वेग प्रमाण ठरवता येतं. चारपाच ठिकाणी ते पक्कं केलं की अख्ख्या लॅपचा वेग हाती लागतो.

एक मर्यादा आहे, ती आधीच सांगतो, म्हणजे कुणी दशांशांवर भांडत बसणार नाही. रेघ ५ हर्ट्झपर्यंत, म्हणजे १०० आरपीएमपर्यंत अचूक हवी असेल, तर स्पेक्ट्रमची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा, निदान ०.२ सेकंदाची तरी ठेवावी लागते. ताशी २०० वर गाडी तेवढ्यात अकरा मीटर पुढे गेलेली असते. खिडक्या एकमेकींवर चढवल्या की आलेख गुळगुळीत दिसतो, पण नवी माहिती त्यातून येत नाही. त्यामुळे "त्यानं ब्रेक माझ्यापेक्षा तीन मीटर उशिरा मारला" असं या पद्धतीनं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

मात्र ब्रेक आणि नुसतं थ्रॉटल सोडणं, यांतला फरक स्वच्छ दिसतो. एक जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या) मंदनानं वेग दर सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटरनं उतरतो. ब्रेकवर रेघ कड्यासारखी कोसळते. नुसतं थ्रॉटल सोडलं तर ती उतारावरून घसरल्यासारखी खाली येते. मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो ट्रॅकच्या फ्लान्झगार्टेन या भागापाशी. तिथे गाडी उंचवट्यावरून हलकी होते, मागच्या चाकांवरचा भार क्षणभर निघून जातो आणि चाकं मोकळी सुटतात. आलेखात तिथे एक बारीक टोक वर उडालेलं दिसतं. ते टोक म्हणजे वेग वाढल्याची खूण नाही. गाडी जमिनीवर नीट टेकलेली नव्हती, एवढंच ते सांगतं. ते किती उंच आणि किती रुंद आहे यावरून गाडी उंचवट्यावर किती शांतपणे नेली, याचा अंदाज येतो. माझ्या जुन्या लॅपमध्ये ते टोक रुंद होतं आणि त्यामागोमाग थ्रॉटल मिटल्याची खळी होती. उंचवट्याच्या आधी स्टिअरिंग सरळ करून घ्यायला लागल्यापासून टोक बारीक झालं आणि खळी गेली.

विक्रमी लॅपांच्या आलेखांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: थ्रॉटल एकदा उघडलं की परत मिटत नाही. वळणातून बाहेर येताना ते उशिरा उघडलं तरी चालेल, पण उघडल्यावर माघार नाही. याचा सगळ्यात मोठा मोबदला बेर्गवेर्क या वळणाला मिळतो. ब्राइडशाइड हा ट्रॅकचा सगळ्यात खालचा भाग, होहे आख्त सगळ्यात वरचा, आणि दोघांत सुमारे ३०० मीटरचा फरक. बेर्गवेर्कच्या उजव्या वळणातून बाहेर पडलं की केसेलशेनचा लांबलचक चढ लागतो. इथे इंजिनाला आधीच डोंगर ओढायचा असतो, त्यामुळे वळणात गमावलेला वेग चढावर भरून यायला फार वेळ लागतो. मी आता बेर्गवेर्कमध्ये गाडी आत जाताना जास्त हळू करतो, नाक लवकर वळवून घेतो आणि मग थ्रॉटल एकाच दमात उघडतो. वळणातली वेळ किंचित वाढली, चढाच्या पुढे येणाऱ्या कारुसेल या वळणापर्यंतची एकूण वेळ सेकंदाहून जास्त घटली.

डॉटिंगर होहेच्या दोनेक किलोमीटर लांब सरळ रस्त्यालाही हेच लागू, पण तिथला फायदा आपण फुगवून सांगतो. हिशोब करून पाहा: २५० च्या सरासरीनं दोन किलोमीटरला २८.८ सेकंद, २५५ नं २८.२. त्याच्या आधीच्या गाल्गेनकोफ वळणातून ताशी पाच किलोमीटर जास्त वेगानं बाहेर पडलात तरी हवेच्या विरोधामुळे तो फरक पुढे विरत जातो, म्हणजे पदरात अर्ध्या सेकंदापेक्षा कमीच पडतं. तिथे वारा जास्त महत्त्वाचा. बेर्गमाइस्टरच्या आरएसच्या लॅपलाही समोरून जोराचा वारा होता. सिममध्ये मी वारा शून्यावर ठेवतो, त्यामुळे माझी वेळ तशीही त्यांच्या शेजारी मांडण्याजोगी नाही. मी आलेखाचा आकार जुळवतो, आकडा नाही.

टायरचं प्रकरण अजून पूर्ण हाती आलेलं नाही, पण दिशा सापडली आहे. सात मिनिटांचा लॅप म्हणजे टायरसाठी मोठा प्रवास. लॅपच्या सुरुवातीच्या हाट्झेनबाखमध्ये दाब योग्य असेल तर फ्लान्झगार्टेनपर्यंत तो चढून पकड जाते. म्हणून थंड असतानाचा दाब इतका कमी ठेवला की सुरुवातीच्या वळणांत गाडी थोडी आळशी वाटते आणि कारुसेलच्या सुमारास हवी तशी येते. हाट्झेनबाखला गेलेले सेकंदाचे तीनचार दशांश फ्लान्झगार्टेनच्या थोडं आधीच्या ब्रुन्शेनपासून पुढे दुपटीनं परत येतात. खऱ्या टेस्ट ड्रायव्हरला हा निर्णय नोटरीसमोर, ट्रॅक राखून ठेवलेल्या थोड्याशा वेळात घ्यावा लागतो, तेही ट्रॅकभोवतीच्या आइफेल डोंगरांच्या हवेत, जिथे एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला ओला डांबर असू शकतो. तोशिओ सुझुकीनं २००७ मध्ये निसान जीटी-आरला ७:३८.५४ लावली तेव्हा ट्रॅक काही ठिकाणी ओला होता. एप्रिल २००८ मध्ये त्यानंच ७:२९.०३ केली. मारो एंगेलनं ऑक्टोबर २०२२ मध्ये मर्सिडीजची हायब्रिड एएमजी वन ६:३५.१८३ मध्ये आणली तेव्हाही ट्रॅक पूर्ण वाळलेला नव्हता. त्यात त्याला बॅटरीतली ऊर्जा कुठे खर्च करायची हेही सांभाळायचं होतं, कारण ती अख्ख्या लॅपला पुरवून वापरावी लागते. २०२४ मध्ये तीच जोडी ६:२९.०९० वर आली. सहा सेकंद! आधीचा लॅप पाहून कुणाला वाटलं असतं की त्यात सहा सेकंद शिल्लक आहेत?

२०२५ मध्ये जनरल मोटर्सनं जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक आहे. कॉर्व्हेटच्या वेळा लावायला त्यांनी बाहेरून शर्यतपटू आणला नाही, आपल्याच इंजिनिअरांना गाडीत बसवलं. ड्रू कॅटेलनं झेडआर१एक्स ६:४९.२७५ मध्ये आणली, ब्रायन वॉलेसनं झेडआर१ ६:५०.७६३ मध्ये. ज्या माणसानं डॅम्परचे (धक्के शोषणाऱ्या भागांचे) आकडे ठरवले, तोच उंचवट्यावर त्यांच्यावर भरवसा ठेवून थ्रॉटल उघडा ठेवतो. मला वाटतं, टेस्ट ड्रायव्हरचा लॅप शर्यतपटूच्या पात्रता-लॅपपेक्षा वेगळा दिसतो तो याचमुळे. गाडी पुढच्या क्षणी काय करणार हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे स्टिअरिंगवर दुरुस्त्या कमी आणि आलेखात खळ्या कमी.

माझं पुढचं काम ट्रॅकच्या फुक्सरोरे या भागावर आहे. तो उतार, तळाशी गाडी दाबली जाते ती जागा आणि लगेच आडेनाउअर फोर्स्टकडे जाणारा चढ. तळाशी दाबामुळे टायरला जास्तीची पकड मिळते, आणि ती संपायच्या आत ब्रेकचं काम उरकता येईल का, हे पाहायचंय. सध्या मी चढावर पोचल्यावर ब्रेक मारतो आणि तिथे अजून बरंच काही शिल्लक आहे, असं आलेख सांगतोय.

त्यानंतर टायकन, पोर्शेची इलेक्ट्रिक गाडी. केर्ननं टायकनची उत्पादनपूर्व गाडी ७:०७.५५ मध्ये फिरवल्याचं पोर्शेनं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. तिथे सिलेंडर नाहीत, त्यामुळे माझी रेघ नाही. मोटरच्या शिट्टीतून वेग काढता येतो का, हे तपासायला सुरुवात केली आहे. टायरच्या आवाजात ती वारंवार बुडते. दुसरा मार्ग म्हणजे पूल, कर्बची टोकं आणि फलक अशा स्थिर खुणा फ्रेम मोजून पकडायच्या आणि खुणांमधलं अंतर लेझर-स्कॅन केलेल्या ट्रॅकवरून घ्यायचं. ब्राइडशाइडचा पूल ते बेर्गवेर्क हा तुकडा आधी करणार आहे. कुणी इलेक्ट्रिक गाडीचा आवाज असा उलगडला असेल, तर खिडकी किती सेकंदांची ठेवली आणि टायरचा गोंगाट कसा वेगळा काढला, तेवढं सांगा.