लेझीमचे पोहे आणि दोन स्वल्पविराम

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठव, असा निरोप आला तेव्हा शाळेवर लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसलो आणि बाईंखेरीज दुसरं काही सुचेना. आपल्या शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की 1989च्या दहावीच्या बॅचला इंग्रजीच्याच बाई आठवतात. नाव वेगळं लिहायची गरज नाही.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. नववीत बाई वर्गावर आल्या तोवर आमचं सगळं इंग्रजी पाठांतराचं होतं. निबंध पाठ, पत्र पाठ आणि व्याकरणही पाठच. ‘बिकॉज’ दिसलं की मिश्र वाक्य, ‘अँड’ दिसलं की संयुक्त आणि काहीच दिसलं नाही की केवल. बाईंनी हे पहिल्याच आठवड्यात मोडीत काढलं. फळ्यावर लिहिलं, ‘राम अँड श्याम वेंट होम.’ आम्ही एका सुरात ओरडलो, संयुक्त! बाईंनी विचारलं, “गेले किती वेळा?” एकदाच. “मग वाक्य एकच. ‘अँड’नं इथे माणसं जोडलीत, वाक्यं नाहीत.”

त्या दिवसापासून आधी क्रियापद शोधायचं. तेही कर्त्याशी बांधलेलं, काळ दाखवणारं. ‘टू गो’, ‘गोइंग’ असली मोकळी फिरणारी धरायची नाहीत. खाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि मगच तोंड उघडायचं. ‘हॅविंग फिनिश्ड हिज वर्क, ही वेंट होम’ यात रेघ एकच, म्हणून केवल. ‘ही फिनिश्ड हिज वर्क अँड ही वेंट होम’, रेघा दोन आणि दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी, म्हणून संयुक्त. ‘व्हेन ही हॅड फिनिश्ड हिज वर्क, ही वेंट होम’, इथेही दोनच, पण पहिलं एकटं उभं राहू शकत नाही, म्हणून मिश्र. माणूस तोच, काम तेच, घरही तेच. लांबीवरून वाक्याचा प्रकार ठरत नाही हे डोक्यात शिरायला आम्हाला तेवढं पुरलं.

गौण वाक्यांत तर बाई अक्षरशः रमायच्या. पहिल्या शब्दावरून प्रकार सांगणाऱ्याला त्या बसूच द्यायच्या नाहीत. एकच ‘व्हेन’ त्यांनी तीन जागी बसवून दाखवलं होतं. ‘आय डोंट नो व्हेन ही विल कम.’ काय माहीत नाही? तर तो कधी येणार ते. म्हणजे नामवाक्य. ‘सॅटरडे इज द डे व्हेन वुई हॅव मॉर्निंग स्कूल.’ कुठला दिवस? सकाळच्या शाळेचा. विशेषणवाक्य. ‘कॉल मी व्हेन ही कम्स.’ कधी बोलवायचं? क्रियाविशेषणवाक्य. मग खडू खाली ठेवून विचारलं, पहिल्यात ‘विल कम’ आहे, तिसऱ्यात का नाही? कोणालाच सांगता येईना. आपण मराठीत ‘तो येईल तेव्हा बोलाव’ म्हणतो आणि तोच भविष्यकाळ उचलून तिकडे नेतो. इंग्रजीत वेळ दाखवणाऱ्या गौण वाक्यात भविष्याचं कामही साधा वर्तमानकाळ करतो. नामवाक्याला ते बंधन नाही. प्रकार ओळखायचा तो मार्कांसाठी नव्हे, पुढचं क्रियापद बरोबर यावं म्हणून, हे तेव्हा कळलं. ‘दो इट वॉज रेनिंग, बट वुई प्लेड’ असं लिहिलं की त्या ‘बट’वर लाल फुली पडायची. “मराठीत जरीला तरी लागतो. इंग्रजीत दोघांपैकी एकानं भागतं.”

आता लेझीमची गोष्ट. ती लिहिली नाही तर आमची बॅच मला गटातून काढून टाकेल. व्हरांड्यातल्या फळ्यावर दर आठवड्याला एक सूचना इंग्रजीत लिहायची, हा बाईंचाच उपक्रम. स्नेहसंमेलनाच्या आधी आमच्यातल्या एकानं सुंदर अक्षरात लिहिलं, ‘द बॉइज, हू आर इन द लेझीम टीम, विल गेट ब्रेकफास्ट ॲट सेव्हन.’ ‘बॉइज’नंतर एक स्वल्पविराम आणि ‘टीम’नंतर एक. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लेझीमवाले आलेच, शिवाय मागच्या बाकावरची अख्खी टोळी ताटल्या घेऊन हजर. लेझीमला हातही न लावलेली ही मंडळी. पी.टी.चे सर तडकले. टोळीचा म्होरक्या शांतपणे म्हणाला, “सर, फळ्यावर सगळ्या मुलांना नाश्ता लिहिलाय. बाईंना विचारा.”

बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, फळा वाचला आणि इतक्या हसल्या की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. म्हणाल्या, “सर, पोरगा बरोबर बोलतोय.” स्वल्पविराम नसते तर ‘हू’चं वाक्य मुलांमधून लेझीमवाले वेगळे काढतं, म्हणजे नाश्ता त्यांनाच. दोन्हीकडे स्वल्पविराम दिले की ते नुसती जादा माहिती पुरवतं. मुलगे सगळे लेझीमचेच आणि नाश्ताही सगळ्यांना. आधल्या आठवड्यात वर्गात सांगितलेलं हे, सर्वांत मागे बसणाऱ्यानं उचललं होतं. बाईंनी पर्समधून पैसे काढून कोपऱ्यावरच्या हॉटेलातून आणखी पोहे मागवले. सूचना लिहिणाऱ्यालाही रागावल्या नाहीत, पोह्यांची पहिली ताटली त्यालाच दिली. फळ्यावरचे ते दोन स्वल्पविराम मात्र त्याला स्वतःच्या बोटानं पुसायला लावले.

मी पुढे वकिलीकडे वळलो. पहिल्या वर्षाला 1872चा भारतीय करार कायदा इंग्रजीतून समोर आला आणि मराठी माध्यमातले आम्ही गारठलो. त्यातलं कलम 2(ड) ज्यांनी वाचलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ‘व्हेन, ॲट द डिझायर ऑफ द प्रॉमिसर’ अशी सुरुवात, मग केलं किंवा करायचं टाळलं, करतो किंवा टाळतो, करायचं वा टाळायचं वचन देतो, असं चालूच राहतं. श्वास घ्यायला जागा नाही. मी वसतिगृहात पेन्सिल घेऊन बसलो आणि रेघा मारल्या. मुख्य वाक्य अगदी शेवटी लपलं होतं: अशी कृती, कृतिसंयम किंवा वचन ‘इज कॉल्ड’ प्रतिफल, म्हणजे वचनाचा मोबदला. आधीचं सगळं त्या ‘व्हेन’च्या पोटात. तासाभरात खोलीत आणखी तिघे वही घेऊन आले. आज जिल्हा न्यायालयात वकिली करतो, विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर करार कायदाही शिकवतो. ज्युनिअरनं दस्ताचा मसुदा आणला की आधी क्रियापदं दाखव म्हणतो आणि मग परंतुक, म्हणजे ‘मात्र’ म्हणून जोडलेली अट, नेमकं कोणत्या वाक्याला लटकलंय ते विचारतो. एका भाडेकरारात स्वल्पविराम चुकीच्या जागी पडल्यानं दुरुस्तीचा खर्च कोणाचा यावर दोन सख्खे भाऊ माझ्यासमोर भांडले आहेत. तेव्हा मला लेझीमच आठवलं. अशिलांना ते सांगता येत नाही, एवढंच.

मध्यंतरी शाळेत जाऊन आलो. नवी इमारत देखणी आहे, वर्गात डिजिटल फळे आहेत. व्हरांड्यातला फळा मात्र काढलाय, तिथे आता देणगीदारांच्या नावांची फरशी आहे. (माझंही नाव त्यात आहे, त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडानं करू?) हल्ली कृतिपत्रिका असते, वाक्याचे उभे रकाने पाडून पृथक्करण कोणी करत नाही, असं एका तरुण सरांनी सांगितलं. मुलं इंग्रजी आमच्यापेक्षा कितीतरी सफाईनं बोलतात, हे मान्य. पण दहावीतल्या एकाला मी सहज ‘राम अँड श्याम’चं वाक्य घातलं, तर तोही म्हणाला, “कंपाउंड!”

गणिताचे सर, पी.टी.चे सर, शिपाईमामा यांच्याबद्दल लिहायचं राहिलंच. संपादक मंडळानं शब्दमर्यादा घालून दिली आहे. एक विनंती तेवढी करतो. बाईंनी दहावीत करून घेतलेली पृथक्करणाची वही माझ्याकडून घर बदलताना हरवली. आपल्या बॅचमध्ये कोणाकडे असेल तर शाळेच्या कार्यालयात आणून द्यावी. मी झेरॉक्स काढून मूळ वही परत करीन, आणि त्या तरुण सरांनाही एक प्रत हवी आहे.