आमची वाटचाल : जोड बसला, पण तपासला का?

बेळगावात हाताला कसब नसलेला माणूस शोधावा लागतो. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीनं या गावाला टर्नर दिले, फिटर दिले, मोल्डर दिले. पंप बंद पडला, नळ गळायला लागला, मिक्सरची मोटर जळाली, तर इथला माणूस आधी स्वतः पाना उचलतो आणि अगदीच जमेना तेव्हा मिस्त्रीला बोलावतो. अशा गावात आम्ही गॅसच्या पाइपलाइनचं काम करतो. त्यामुळे नवी लाइन टाकण्याइतकंच, लोकांनी आपल्या हातानं टाकलेली लाइन तपासून देणं हाही आमचा धंदा झाला आहे. खरं सांगायचं तर आता तेच काम आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुकान बाबांनी सुरू केलं, शहापुरात, प्लंबिंगचं. जीआय पाइप, डाय, सूत आणि सफेदा यांवर घर चालायचं. गॅसकडे वळलो ते हॉटेलं आणि मिठाईवाल्यांमुळे. कुंद्याची कढई तासन्‌तास विस्तवावर असते. १९ किलोच्या टाक्या मागच्या बोळात आणि भट्टी आत, म्हणजे मधे पाइप हवाच. बाबा हे काम गॅस एजन्सीतल्या एका जुन्या मेकॅनिककडे शिकले. धाकटा भाऊ आयटीआयमधून फिटर होऊन आला आणि त्यानं दुकानात पहिल्यांदा मॅनोमीटर आणला. आमच्या धंद्याचं वळण मी तिथून धरतो. त्याच्या आधी आम्ही पाइप जोडत होतो, त्यानंतर जोडलेला पाइप मोजायला लागलो.

मॅनोमीटर म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एक टोक पाइपलाइनला जोडायचं, दुसरं उघडं. लाइनमध्ये हवा भरली की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस साधारण ३० मिलिबार दाबानं बाहेर पडतो, म्हणजे दोन्हीकडच्या पाण्यात ३० सेंटीमीटरचा फरक. हवा भरून कॉक बंद करायचा, थोडा वेळ थांबायचं आणि पट्टीवर नजर ठेवायची. पाणी जागचं हललं नाही तर लाइन घट्ट. केसभर जरी उतरलं तरी कुठंतरी गळती आहे.

हा ३० सेंटीमीटरचा आकडा मी प्रत्येक घरात सांगतो, कारण निम्मे गैरसमज त्यातच आहेत. गच्चीवरची पाण्याची टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच असली तर नळात गॅसच्या दहापट दाब असतो. त्यामुळे पाण्याचे पाइप जोडणाऱ्याला वाटतं, एवढा दाब आपला जोड सहज धरतो, मग गॅस म्हणजे काय! पण पाणी गळलं तर थेंब दिसतो, भिंतीला ओल येते, शेजारी येऊन सांगतात. गॅस गळला तर दिसत काहीच नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वासही नसतो. कळावं म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. सर्दी झालेल्या माणसाला आणि वय झालेल्या आजी-आजोबांना तोही वास पटकन येत नाही.

उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेले अनगोळचे एक काका एकदा दुकानात आले. टाकी बाल्कनीत ठेवून आत तांब्याचा पाइप त्यांनी स्वतः घेतला होता. पितळेचे निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले जोडतुकडे, आणि नट बाजारातून न आणता स्वतः कातून केले होते. मी जाऊन बघितलं तर काम इतकं देखणं की हात फिरवत राहावं. काका म्हणाले, "साबण लावून बघितलोय मी, एक बुडबुडा नाही. पण घरातली ऐकंनात, म्हणून तुमाला बोलावलो." भावानं मॅनोमीटर लावला. पाणी उतरायला लागलं, अगदी सावकाश.

त्यानं विचारलं, "काका, आटे सरळ काढलासा का टेपर?"

"सरळच की. का?"

पाइपच्या जोडात गॅस अडतो तो आट्यांवरच. त्यासाठी आटे टेपर हवेत, लांबीच्या १६ भागांत व्यास एक भागानं कमी होत जाणारे. आवळत जाल तसा धातू धातूवर दाबून बसतो. सरळ आट्याचा नट सुंदर फिरतो, घट्टही होतो, पण आट्यांच्या नागमोडी फटीतून गॅसला वाट राहते. ती वाट त्या दिवशी फक्त टेफ्लॉनच्या पट्टीनं अडवली होती. मशीनवर हजारो आटे काढलेल्या माणसाला हे समजवायला एक वाक्य पुरलं. काका लगेच म्हणाले, रात्रीत टेपर काढून आणतो. आम्ही नको म्हणालो. त्याचं कारण आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात सांगितलं जातं, ते इथेही सांगतो.

लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत होती, नुकतीच राहायला दिलेली. १६ मे १९६८ च्या सकाळी अठराव्या मजल्यावरच्या एका घरात चहासाठी शेगडी पेटवली आणि रात्रभर साचलेल्या गॅसचा भडका उडाला. भिंती बाहेर ढकलल्या गेल्या आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. चौकशीत कारण सापडलं ते शेगडीच्या जोडातला एक पितळी नट. ती शेगडी ओळखीच्या माणसानं जोडून दिली होती आणि नटाची कड प्रमाणापेक्षा पातळ होती. पुढे इमारतींचे नियम बदलले, ते सगळं मोठं प्रकरण आहे. पण आमच्या गावात, जिथे पितळेचा नट कातणं डाव्या हाताचा खेळ आहे, तिथे त्या पातळ कडेची गोष्ट सांगितलीच पाहिजे. नट बसतो की नाही एवढं लेथवर कळतं. त्या पितळेत मिश्रण काय आहे, कड किती आवळण सोसेल, हे आधी कुणीतरी तपासून ठेवावं लागतं, आणि आयएसआयचा छाप त्यासाठीच असतो.

काकांनी आपले निपल कपाटात ठेवले. छापाचे सुटे भाग आम्ही दिले, पाना त्यांनीच धरला, मॅनोमीटर आम्ही लावला. आता त्यांच्या गल्लीतले लोक त्यांच्याच सांगण्यावरून आमच्याकडे येतात.

गळती किती झाली म्हणजे धोका, हे लोक नेहमी विचारतात. हिशेब सोपा आहे. दहा बाय आठ फुटांचं स्वयंपाकघर, उंची दहा फूट, म्हणजे साधारण २२-२३ घनमीटर हवा. एलपीजी हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगीनं पेट घेऊ शकतो. एवढ्या खोलीत तेवढा गॅस म्हणजे सुमारे एक किलो. घरच्या टाकीत १४.२ किलो असतो. शिवाय हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, खोलीभर सारखा पसरत नाही. तो जमिनीलगत साचतो, म्हणून एक किलोही लागत नाही. जुन्या बेळगावातल्या घरांत स्वयंपाकघरातच मोरी असते, तिच्यात जाऊन बसतो. फ्रिजचं बटण आपोआप चालू-बंद होतं, त्याचीही ठिणगी पुरते. वास आला तर विजेचं कुठलंच बटण चालू किंवा बंद करायचं नाही, रेग्युलेटर बंद करून टाकीवर टोपी लावायची, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि बाहेरूनच १९०६ वर फोन लावायचा. गॅसगळतीसाठीचा हा नंबर चोवीस तास चालू असतो. आमच्या दुकानाच्या पाटीवर आमच्या नंबराच्या वर तो लिहिला आहे.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खानापूर तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर गॅस पोचला. कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात ओल्या लाकडांवर फुंकून डोळे गेलेल्या बायकांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, हे तिथे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. पण त्या घरांत गॅस वापरत मोठं झालेलं कुणी नव्हतं. टाकी आडवी ठेवलेली, शेगडी जमिनीवर आणि टाकी तिच्यापेक्षा उंच, उंदरांनी कुरतडलेली नळी सुतळीनं बांधलेली, असं आम्ही बघितलं आहे. तेव्हा मराठी आणि कन्नड दोन्हींत एक कार्ड छापून घेतलं आणि कामाला जाऊ तिथे चुलीजवळच्या भिंतीला लावत गेलो. चंदगडकडून बाजाराला येणारे लोकही ते मागून नेतात.

गॅस गीझरबद्दल मात्र आमचं मत कडक आहे. बेळगावच्या थंडी-पावसात गरम पाणी हवंच, गीझर बाजारात सहज मिळतो आणि चार स्क्रू, दोन नळ्या एवढंच काम दिसतं. लोक तो न्हाणीघरात बसवतात आणि झोताचा गारवा नको म्हणून खिडकी बंद करतात. इथे पाइपचा प्रत्येक जोड अगदी निर्दोष असला तरी माणूस दगावू शकतो. बंद खोलीत हवा पुरत नाही, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मरकॅप्टन तर जळून गेलेलं असतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि दाराची कडी काढायचं भान राहत नाही. न्हाणीघराच्या आत आम्ही गीझर बसवत नाही. बाहेर, उघड्या हवेवर जागा असेल तरच. यापायी गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर जाऊ देतो, पण आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगतो, विशेषतः पोरांच्या आईला.

एका बांधकाम व्यावसायिकानं अख्ख्या इमारतीचं काम देऊ केलं होतं, अट एवढीच की तांब्याचा पाइप गिलाव्याखाली गाडायचा. दिसायला बरं दिसतं म्हणे. भिंत ओलांडताना पाइपभोवती मोकळं आवरण हवं आणि बाकी पाइप डोळ्यांसमोर हवा, यावर आम्ही अडलो आणि काम गेलं. का अडलो, ते एका वैनींच्या नव्या ट्रॉलीच्या स्वयंपाकघरात दिसलं होतं. सुतारानं कपाट ठोकताना स्क्रू थेट गाडलेल्या पाइपात गेला होता. भोक स्क्रूनंच बुजवलं होतं, त्यामुळे बरेच महिने काही कळलं नाही. कपाट हलवलं त्या दिवशी वास आला.

दाभोळ ते बेंगळुरू गॅसवाहिनी २०१३ साली सुरू झाली, ती आपल्या जिल्ह्यातून जाते. आता शहरात पाइपगॅसही घरोघरी येतो आहे. तो बहुतांशी मिथेन, हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जातो, म्हणून झरोका वर हवा. एलपीजीसाठी तो जमिनीलगत हवा. दाब २१ मिलिबारच्या आसपास. शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, तीही वेगळी लागते. पाइपगॅसचा मोठा जेट काढायला विसरून तीच शेगडी गावाकडे टाकीला जोडली, की ज्योत फुटभर उठते आणि भांडी काळी होतात. मीटर आणि त्याच्या अलीकडची लाइन कंपनीची. तिथे आम्हीही हात लावत नाही, कुणीच लावू नये.

तर घरी स्वतः काय करावं? पुष्कळ करता येतं, आणि आम्ही ते आवर्जून शिकवतो. तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदला, तारीख नळीवरच छापलेली असते. दीड मीटरपेक्षा लांब नळी घेऊ नका आणि ती भिंतीतून आरपार नेऊ नका. नवी टाकी लावताना तोंडातली रबरी रिंग बघा. शेगडीची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि ब्रशनं साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लावा. काडी ओढून कधीच बघू नका. रात्री रेग्युलेटर बंद करा. पण दोन टाक्या एका लाइनला जोडणं, पाइप कापणं, ही कामं हात कितीही बसलेला असला तरी तपासणीच्या साधनाशिवाय करू नयेत, आणि गणपतीच्या प्रसादासाठी आणलेला भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला तर कधीच लावू नये.

कुणी स्वतः लाइन टाकलेली असली तरी आम्ही रागावत नाही. रागावलं की लोक बोलवत नाहीत, आणि गळका जोड तसाच राहतो. तपासणीची फी ठरलेली आहे. गळती निघो न निघो, तेवढीच. जोड घट्ट निघाला तर त्याला हात लावत नाही, काय तपासलं आणि पाणी किती वेळ थांबलं ते कागदावर लिहून देतो. दुरुस्ती निघाली तर तिचा हिशेब वेगळा, आणि ती आमच्याकडूनच करून घ्यायला हवी असं मुळीच नाही.