साडेपाचचं हेड

फोर्ड मॉडेल ए. 3285 सीसी, चार सिलेंडर, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला. कंपनीचं कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाची जागा आणि वर असतानाची जागा यांचं प्रमाण) अवघं 4.22 ला 1 आणि ताकद 2200 फेऱ्यांना 40 अश्वशक्ती. गिरगावातल्या एका काकांची ही गाडी चौपाटीवर छान पळायची, पण वाळकेश्वरच्या चढाला दुसऱ्या गियरवर यावं लागायचं. काकांनी बाहेरून नवं कास्ट आयर्न हेड (सिलेंडरवरचं झाकण, ज्याच्या खळग्यांवर कॉम्प्रेशन ठरतं) मागवण्याचं ठरवलं होतं, आणि तेही 6 ला 1 चं.

मी म्हटलं, "काका, सहाचं नको. साडेपाचचं घ्या."

"पेट्रोल सोसणार नाही म्हणून?"

पेट्रोलचा प्रश्नच नव्हता. आजचं साधं पेट्रोलही किमान 91 ऑक्टेनचं असतं, त्याला सहाचं कॉम्प्रेशन म्हणजे काहीच नाही. अडचण खाली आहे. या इंजिनाच्या क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) तीनच मेन बेअरिंग, तोल सांभाळणारे काउंटरवेट नाहीत, आणि बेअरिंग म्हणजे ओतलेला व्हाइट मेटल, म्हणजे मऊ मिश्रधातू. शिवाय पुस्तकी हिशेबाने 4.22 वरून 5.5 वर गेलं की कार्यक्षमता साधारण 13 टक्क्यांनी वाढते. तिथून 6 वर जाऊन आणखी साडेतीन टक्केच मिळतात, आणि बेअरिंगवरचा मार मात्र वाढतच जातो. काकांना आकडे पटले. साडेपाचचं हेड आलं.

हेडला हात लावण्याआधी आम्ही संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवला. प्लास्टिगेज (दाबली की फट दाखवणारी मेणासारखी तार) लावून बेअरिंगची फट बघितली तर बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, दीड थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पुढचं आणि मागचं मेन ठीक, मधलं मेन चार थाउ. व्हाइट मेटलला चीर नव्हती. कॅपखालच्या शिमचे (फट ठरवणाऱ्या पातळ पत्र्याचे) पापुद्रे काढून ते दोनवर आणलं. चीर दिसली असती तर नवं हेड खोक्यातच राहिलं असतं, कारण आधी बेअरिंग ओतून लाइन बोअर, म्हणजे सगळी एका रेषेत कापून, करून घ्यावी लागली असती.

जुनं हेड चिकटलेलं निघालंच. अशा वेळी लोक ब्लॉक आणि हेडच्या फटीत छिन्नी घालतात आणि दोन्हींचे फेस खराब करून बसतात. पाणी काढा, डिस्ट्रिब्युटरचा लॉक सैल करून तो वर उचला (या इंजिनात तो हेडमध्येच उभा असतो), प्लग मात्र जागेवर ठेवा. चौदाही नट दोन-दोन फेरे सैल करून स्टार्टर मारला की कॉम्प्रेशनच हेड उचलतं. नट पूर्ण काढायचे नाहीत. स्टडच्या आट्यांवरून डाय फिरवली, ब्लॉकवर स्ट्रेट एज ठेवून फीलर घातला. तीन थाउचा खड्डा मिळाला, चालण्यासारखा. वॉटर जॅकेटमधून गंजाचा गाळ मात्र मूठमूठ निघाला. हा साफ न करता नवं हेड बसवलं तर पुढे गाडी तापते आणि दोष हेडला लागतो.

मग मोजमाप. हेडवर छापलेला आकडा कंपनीच्या बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या मूळ व्यासाला, खरा असतो. हे इंजिन आधीच 60 थाउ बोअर झालेलं, त्यामुळे एका सिलेंडरचे 821 सीसी आता 847 झालेले. हेड उलटं ठेवून, ॲक्रिलिकच्या भोकाच्या पट्टीला ग्रीस लावून ती चेंबरवर बसवली आणि ब्युरेटने पातळ तेल सोडलं. चेंबरमध्ये 162 सीसी बसले, दाबलेल्या तांब्याच्या गॅस्केटचे साधारण 20, आणि पिस्टन ब्लॉकच्या तोंडाशी सपाट येत होता. म्हणजे एकूण 182. 847 भागिले 182 अधिक 1, झालं 5.65. सहाचं हेड या ब्लॉकवर सव्वासहाच्या जवळ गेलं असतं.

खरं काम पुढे होतं. हेड बसवण्याआधी, पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याला लागतो का हे बघायला मातीची चाचणी घ्यायचीच, हा आमचा नियम. पिस्टन आणि आठही व्हॉल्व्हवर मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसीनचा चार-पाच मिलीमीटरचा थर, हेडला तेलाचा हात, जुनं गॅस्केट, नट 25 फूट-पाउंडवर. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं, हेड उचललं, माती ब्लेडने कापून व्हर्नियरने मोजली. पिस्टनवर 80 थाउच्या वर फट, इनटेकवर 70. एक्झॉस्टवर मात्र कुठे 30, कुठे 25 आणि तीन नंबरला 18.

18 थाउ म्हणजे अर्ध्या मिलीमीटरपेक्षा कमी, तेही थंड इंजिनवर. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी तापली की लांबते. शिवाय 60 थाउच्या खाली मी जात नाही. असंच बसवलं असतं तर गरम झाल्यावर टकटक सुरू झाली असती, सगळ्यांनी बेअरिंगचा आवाज म्हणून संप पुन्हा उतरवला असता, आणि तोवर व्हॉल्व्ह वाकला असता.

कारण शोधायला वेळ गेला. हेड सरळ होतं, कॅमचा लिफ्ट चारही ठिकाणी सारखा. शेवटी डेप्थ गेज व्हॉल्व्हवर टेकवला तेव्हा कळलं: मागे कधीतरी एक्झॉस्टला कडक सीट रिंगा बसवलेल्या, आणि त्या घासताना पुरेशा खोल नेलेल्या नव्हत्या. बंद असतानाही व्हॉल्व्ह वर डोकावत होते. जुन्या हेडचे खळगे खोल, म्हणून तिथे ते खपून जात होतं.

दोन वाटा होत्या. सीट खाली न्यायच्या, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात खाली, टॅपेट गॅप (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला ढकलणारा टॅपेट यांतली फट) संपतो, आणि मॉडेल ए चे मूळ टॅपेट ॲडजस्ट होत नाहीत, म्हणून प्रत्येक दांडीचं टोक घासावं लागतं. दुसरी वाट, हेडमधला एक्झॉस्टवरचा खळगा खोल करायचा. दुसरी घेतली. आधी पाण्याच्या भोकातून वाकडा कॅलिपर घालून भिंतीची जाडी बघितली. कापल्यावरही पाच मिलीमीटर उरत होती. भायखळ्याच्या मशीनवाल्याकडे चारही खळगे 42 मिलीमीटर व्यासाचे, 45 थाउ खोल केले. चारही सारखेच. फक्त तीन नंबर कापला तर सिलेंडर आपसात असमान होतात. यात चेंबर 1.6 सीसीने वाढलं, कॉम्प्रेशन 5.61 वर आलं. मातीची चाचणी पुन्हा घेतली, सगळ्यात कमी फट 63 थाउ.

बाकी बसवणं सरळ. नट मधून बाहेर, 25, 40, 55 फूट-पाउंड अशा टप्प्यांत. मूळ प्लग सात-अष्टमांश इंचाचे, नव्या हेडला 14 मिलीमीटरचे, म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या पितळी पट्ट्या पोहोचेनात. लांब पट्ट्या कापून घेतल्या. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट 20 थाउ. टायमिंग नेहमीप्रमाणे: पुढच्या कव्हरची पिन उलटी घालून कॅम गियरच्या खळीत पडेपर्यंत फिरवायचं, स्पार्कचा लिव्हर पूर्ण रिटार्ड (ठिणगी उशिरा), आणि एक नंबरचा पॉइंट नेमका उघडायला लागला पाहिजे. हँडल मारायचं असेल तर लिव्हर रिटार्डवरच हवा. या कॉम्प्रेशनला उलटा झटका बसला तर मनगट जातं.

कॉम्प्रेशन गेजवर जुन्या हेडला चारही सिलेंडर चौरस इंचाला 60 पाउंडच्या आसपास होते, आता 80 च्या वर, आपसातला फरक चार पाउंड.

चौपाटीहून वाळकेश्वरच्या तीन बत्तीपर्यंत गाडी टॉप गियरमध्येच चढली. मध्यावर बारीक खडखड आली. काकांचा हात सवयीने लिव्हर पूर्वीइतका ॲडव्हान्स (ठिणगी लवकर) करत होता. दाब जास्त म्हणजे मिश्रण लवकर जळतं, ॲडव्हान्स कमी लागतो. दोन खाचा मागे घेतला आणि आवाज गेला. वर पोहोचल्यावर वॉटर आउटलेट 84 अंश.

उतरताना मी ब्रेकबद्दल बोललो. या गाडीचे ब्रेक नुसत्या दांड्यांवर चालतात आणि मागच्या उजव्या चाकाचा उशिरा धरत होता. ताकद वाढवली की ते काम टाळता येत नाही. थंड झाल्यावर नट पुन्हा 55 ला तपासले, पाच नट थोडे फिरले. 80 किलोमीटरनंतर परत बघितले तेव्हा एकच, डिस्ट्रिब्युटरशेजारचा.