एकोणपन्नास माणसांचा बार

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या लहान गावांना स्वतःचा फायर प्रोटेक्शन इंजिनिअर, म्हणजे इमारत आगीच्या दृष्टीने सुरक्षित आहे का ते तपासणारा माणूस, परवडत नाही. त्यांच्याकडे मंजुरीसाठी आलेले नकाशे माझ्यासारख्या कंत्राटी माणसांकडे तपासायला येतात. काम बहुतेक टेबलावरच उरकतं. या बारची फाईल आली तेव्हा मात्र गावाच्या फायर चीफचा फोन आला, "नुसता नकाशा बघून सही करू नका. शुक्रवारी रात्री या."

जुन्या हार्डवेअर दुकानाच्या तळघरात हा बार आहे. वर पुस्तकांचं दुकान. एक ठरावीक पुस्तक ओढलं की कपाट फिरतं आणि मागे जिना दिसतो. खाली अमेरिकेतल्या दारूबंदीचा काळ उभा केला आहे, जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३. मालकीणबाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. दारूबंदीसाठी लढलेल्या अँटी-सलून लीगचं कार्यालय याच राज्यात, वेस्टरव्हिलला होतं, हे त्यांनी मेनूकार्डावर छापलंय. जिन, लिंबू आणि मधाचं 'बीज नीज' हे कॉकटेल देताना, घरगुती जिनची घाण चव झाकायला मध कसा कामी यायचा तेही सांगतात. मी वर्ध्याची. दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढल्यामुळे चोरून पिण्यात मला काही रोमांचक वाटत नाही. पण ओस पडलेल्या मेन स्ट्रीटवर रात्री दिवा लागलेली ही एकच जागा आहे, आणि बाईंनी ती मन लावून उभी केली आहे. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं तक्रारीसारखं वाटेल.

आमच्या नियमांत ४९ या आकड्याला फार किंमत आहे. टेबल-खुर्च्यांच्या बारमध्ये माणशी १५ चौरस फूट धरतात. इथली मोकळी जागा ७४० चौरस फूट, म्हणजे ४९ माणसं. पन्नासच्या आत राहिलं की ती जागा सभागृहात मोडत नाही, ऑफिससारख्या वर्गात जाते. मग तळघर असूनही आग लागताच छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर लागत नाहीत, बाहेर जायला एकच वाट चालते, दार आत उघडणारं असलं तरी चालतं. एका माणसाच्या फरकाने एवढं सगळं वाचतं, आणि हे प्रत्येक आर्किटेक्टला पाठ असतं. पण टेबलं भिंतीला सरकवून लोक उभे राहिले की माणशी ५ चौरस फूट पुरतात. त्याच खोलीत १४८ माणसं मावतात.

त्या रात्री जॅझ होता आणि टेबलं भिंतीला लावलेली होती. चीफच्या हातातल्या काउंटरवर ८३ आकडा आला. एक्झिटच्या पाटीवर काळं मखमली कापड टाकलेलं, का तर लाल उजेडाने वातावरण बिघडतं. जिन्याच्या पायऱ्यांवर पाऊल दिसेल एवढा उजेड हवा. माझ्या उजेड मोजायच्या मीटरवर दोन लक्स, म्हणजे जवळजवळ अंधारच. बारटेंडर ग्लासात धूर भरायला ब्यूटेनची टॉर्च पेटवत होता. आणि आत वळून पाहिलं तर आम्ही ज्या दारातून आलो ते दिसेचना. आतूनही तीच लाकडी भिंत. भिंतीवरच्या दिव्याची दांडी खाली ओढली की दार उघडतं. नियम म्हणतो, दार किल्लीशिवाय आणि कुठल्याही खास माहितीशिवाय उघडलं पाहिजे. नकाशात तिथे साधं दार होतं. कडी-बिजागरीच्या तक्त्यात आर्किटेक्टने 'मालक पुरवतील' एवढं लिहून हात झटकले होते. असली कामं करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

चीफने संगीत थांबवून लोकांना शांतपणे बाहेर जायला सांगितलं. मागे कोठारातून गल्लीत निघणारा दुसरा जिना आहे. तिथले बिअरचे पिंप बाजूला करून एक फायरमन मोठा दिवा घेऊन उभा होता, हाका मारत होता. तिकडे चार-पाच जण गेले. बाकी सगळे त्या लाकडी भिंतीपाशी जमले आणि कोणीतरी दांडी ओढेल म्हणून थांबले. घाबरलेला माणूस आला त्या वाटेनेच परत जातो हे आम्ही शिकतो, शिकवतो. इथे तर कोणी घाबरलंही नव्हतं, तरी तेच झालं.

खऱ्या स्पीकइझींची, म्हणजे दारूबंदीतल्या चोरट्या बारांची, दारं पोलिसांना थोपवायला होती. न्यूयॉर्कच्या 'ट्वेंटीवन' क्लबच्या तळघराचं दार सुमारे अडीच टनांचं होतं. विटांच्या फटीत सळई घातली की उघडायचं. बंदी उठली तरी ती सवय गेली नाही. बॉस्टनचा 'कोकोनट ग्रोव्ह' दारूबंदीच्या काळातला अड्डा. २८ नोव्हेंबर १९४२ला तिथे तळघरातल्या बारमध्ये आग लागली. त्या जिन्याच्या डोक्यावरचं बाहेरचं दार बंद केलेलं होतं, पुढचं फिरतं दार माणसांनी जाम झालं. ४९२ जण गेले. मुंबईत कमला मिलमधल्या पबच्या आगीत २०१७ला १४ गेले, त्यातले कित्येक वाट न सापडून स्वच्छतागृहात गुदमरले. डिसेंबर २०२५ला गोव्यात हडफड्याच्या क्लबात २५ गेले, बहुतेक तिथे काम करणारी मुलं.

मी अटी घातल्या: आतल्या बाजूने दार दारासारखंच दिसेल, ढकलताच उघडेल, पाटी उघडी राहील, पायऱ्यांना दिवे, कोठाराची वाट मोकळी, टेबलं जमिनीला बोल्टने पक्की. बाईंनी सगळं मान्य केलं, खर्च मोठा असूनही. बाहेरचं कपाट मी तसंच ठेवू दिलं, त्याला माझी हरकत नव्हतीच.

एकाच गोष्टीवर त्या अडल्या. पाहुण्याला बसवतानाच मागची वाट तोंडी सांगायची, असं मी सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, "इथे येतानाच आग आठवून दिली तर लोक येतील कशाला?" अशी सूचना देणं या बारवर बंधनकारक करता येत नाही, म्हणून ती शिफारस म्हणून लिहिली आणि मंजुरीवर सही केली, ४९ माणसांसाठी. परवा त्यांनी विचारलं, मेनूकार्डाच्या मागे नकाशा छापला तर चालेल का? मी कळवलं, तुमच्या उजेडात तो वाचता येणार नाही, तोंडानेच सांगा. चीफ म्हणतात, आता सोडून द्या, कायद्याने आपलं काम झालंय. मी पुन्हा एकदा बाईंना भेटायला जाणार आहे.