आयरीननं ढकललं का?

अमेरिकी लेखिका नेला लार्सन यांची ‘पासिंग’ वाचून झालेले लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात: क्लेअर खिडकीतून पडली, की तिला आयरीननं ढकललं? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सरळ सांगते. माझ्या मते ढकललं.

ज्यांनी १९२९ सालची ही छोटी कादंबरी वाचलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. आयरीन रेडफील्ड आणि क्लेअर केंड्री या शिकागोत एकत्र वाढलेल्या दोन कृष्णवर्णीय मुली. दोघींचा रंग इतका उजळ, की कुणालाही त्या गोऱ्याच वाटाव्यात. त्या काळच्या अमेरिकेत आफ्रिकी रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस काळा ठरायचा. व्हर्जिनियानं १९२४ मध्ये तसा कायदाच केला होता. क्लेअरनं वंश लपवून (यालाच ‘पासिंग’ म्हणत) जॉन बेल्यू या श्रीमंत गोऱ्या माणसाशी लग्न केलं. मुलगी जन्मेपर्यंतचे नऊ महिने ती बाळाच्या रंगाच्या धास्तीनं अर्धमेली झाली होती. बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ वाचलेल्या माणसाला ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही. आयरीन मात्र हार्लेममध्ये, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहते. डॉक्टरची बायको, दोन मुलांची आई, संस्थेच्या कामात पुढे. गोरी म्हणून ती वावरते ते सोयीपुरतं, जिथे काळ्यांना मज्जाव आहे अशा हॉटेलच्या गच्चीवर उन्हाळ्यात घटकाभर बसण्यापुरतं. तिथेच दोघी बऱ्याच वर्षांनी भेटतात.

मग क्लेअरच्या घरचा चहा. हा प्रसंग मी कितीदाही वाचला तरी अंगावर काटा येतो. नवरा आत येतो आणि बायकोला ‘निग’ अशी हाक मारतो, काळ्यांना हिणवणाऱ्या ‘निगर’ या शिवीचा तुकडा. लग्नात लिलीसारखी गोरी होती, आता दिवसेंदिवस काळवंडत चालली आहे, म्हणून ठेवलेलं लाडाचं नाव! मग काळ्या माणसांबद्दलचा तिटकारा तो मोकळेपणानं सांगत बसतो. समोरच्या तिन्ही बायका, म्हणजे क्लेअर, आयरीन आणि त्यांची एक जुनी मैत्रीण, कृष्णवर्णीय आहेत आणि त्याला पत्ता नाही. आयरीनला आधी अनावर हसू फुटतं, नंतर ती संताप गिळून गप्प बसते. क्लेअरचं गुपित फोडणं म्हणजे आपल्याच लोकांशी दगा, आणि तेवढं तिच्यानं होत नाही. क्लेअर तिला आवडते, तिचा हेवा वाटतो, तिची भीती वाटते, आणि वंशाच्या नात्यानं ती तिच्याशी बांधलेलीही आहे. या मैत्रीत आयरीनला कुठूनच वाट नाही.

पुढे क्लेअर हार्लेममध्ये येऊ लागते. आपल्या माणसांची तिला भूक लागलेली असते. आयरीनच्या मनात संशय शिरतो, की आपला नवरा ब्रायन तिच्यात गुंतलाय. पुस्तकात याला ठोस पुरावा कुठेही नाही; आपल्याला जे दिसतं ते आयरीनच्याच डोळ्यांनी. ज्या चहापानात हा संशय तिला घेरतो, तिथेच तिच्या हातून एक जुना कप फुटतो. ती पाहुण्याला सांगते, की हा कप मला कधीच आवडला नव्हता, त्याचं काय करावं ते सुचत नव्हतं. आत्ता लक्षात आलं, फोडला की कायमची सुटका, किती सोपं! लार्सन यांनी हे वाक्य उगाच लिहिलेलं नाही. माझ्यासाठी निम्मं उत्तर तिथेच आहे.

मग एक दिवस रस्त्यात बेल्यू समोर येतो. आयरीनबरोबर तिची सावळी मैत्रीण आहे, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. क्लेअरला सावध करायला आयरीनच्या हाताशी वेळ असतो. ती सांगत नाही. चहाच्या टेबलावर क्लेअरला वाचवणारी तिची चुप्पी आता क्लेअरच्या जिवावर उठते.

शेवटच्या रात्री फ्रीलंड दांपत्याच्या वरच्या मजल्यावरच्या घरात पार्टी आहे. उकडतंय म्हणून खिडकी उघडते ती आयरीनच. बेल्यू दार ठोठावत घुसतो. क्लेअर खिडकीशी शांत उभी, ओठांवर पुसटसं हसू. आयरीन धावत जाऊन तिच्या दंडावर हात ठेवते. पुढच्या क्षणी क्लेअर तिथे नसते.

काही वाचक म्हणतात, क्लेअरनं स्वतःच उडी घेतली. मला ते पटत नाही. नवऱ्याला कळलं तर काय करशील, असं आयरीननं तिला आधीच विचारलेलं असतं, आणि ती म्हणते, मी सरळ हार्लेमला राहायला येईन. मनातून तिला तेच हवं होतं. आयरीनला नेमकी तीच भीती होती: क्लेअर मोकळी होणं.

तोल गेला असेल, हेही शक्य आहे, आणि माझ्याकडे हे खोडून काढणारं एकही वाक्य नाही. पण आयरीनकडे बघा. बाकीचे खाली धावतात, ती वरच थांबते. तिला दुःख होत नाही. जिना उतरताना तिच्या मनात येतं, क्लेअर जिवंत असली तर? हवं ते मिळवायला मी काहीही करीन, कुणालाही दुखवीन, असं क्लेअर एकदा तिला म्हणाली होती. तसं वागली ती आयरीन, आपलं सुरक्षित घर राखण्यासाठी. तरीही मला तिचा तिरस्कार करता येत नाही.

आणि एक. खाली चौकशी सुरू होते तेव्हा संशय बेल्यूवर येतो. त्याच्यावर दोष ढकलणं किती सोपं होतं! उलट आयरीनच त्याची बाजू घेते: नाही, त्यानं ढकललं नाही, मला पक्कं माहीत आहे. तो क्षण तिनं स्वतःला कधी नीट आठवू दिला नाही, असं लार्सन आधीच लिहून गेल्या आहेत. मग एवढी खात्री तिला कुठून आली?