दिसली तेवढी काढली

मोठ्या काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील, तरी देवगडला घरी गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "सगळी काढल्यांनी होती मां रे गाठ?" आणि विचारण्यात एक संशय असतो, की मुंबईच्या डॉक्टरने काहीतरी अर्धवट ठेवलं. काकी तर तेच धरून बसलेली. ऑपरेशननंतर सर्जन बाहेर येऊन एवढंच म्हणाले होते, "दिसली तेवढी काढली." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, नंतर वाचत गेलो तसा कळत गेला.

काकांना ग्लिओब्लास्टोमा होता, म्हणजे मेंदूचा एक कॅन्सर. गाठ म्हटलं की आपल्याला फणसातल्या आठळीसारखं काहीतरी वाटतं, गर बाजूला केला की अख्खी हातात येणारी. हिचं तसं नसतं. हिच्या पेशी मज्जातंतूंच्या आणि रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने आधीच लांब गेलेल्या असतात, एमआरआयमध्ये त्या दिसत पण नाहीत. १९२८ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी नावाच्या सर्जनने अशा काही पेशंटच्या मेंदूचा अख्खा उजवा भागच काढला होता, तरी रोग परत आलाच.

पण मला खरा धक्का बसला तो पुढचं वाचून. या पेशी एकट्याने पसरत नाहीत, आजूबाजूच्या चांगल्या, निरोगी पेशी त्यांना वाट करून देतात. मेंदूत मायक्रोग्लिया म्हणून पहारेकरी पेशी असतात, काही बिघडलं की धावत जायचं हे त्यांचं काम, त्या इथेही धावत येतात, रक्तातून आलेल्या त्यांच्याच जातीच्या पेशी पण येतात, आणि काही गाठींमध्ये तर ३० टक्क्यांहून जास्त पेशी ह्याच असतात. पण गाठ त्यांना असे सिग्नल देते की त्या मारायचं सोडून दुरुस्तीला लागतात, पेशींच्या मधलं सिमेंट विरघळवणारी एन्झाइम्स सोडतात, आणि त्याच मोकळ्या झालेल्या जागेतून कॅन्सरची पेशी पुढे सरकते. अॅस्ट्रोसाइट म्हणजे एरवी न्यूरॉनची, म्हणजे मेंदूतल्या सिग्नल पाठवणाऱ्या पेशींची, काळजी घेणाऱ्या पेशी, त्याही गाठीभोवती बदलतात आणि तिच्याच उपयोगाचे पदार्थ सोडायला लागतात. आणि २०१९ मध्ये स्टॅनफर्ड आणि हायडेलबर्गच्या दोन टीम्सनी दाखवलं की न्यूरॉन चक्क कॅन्सरच्या पेशींशी जोडणी करतात, एका न्यूरॉनने दुसऱ्याशी करावी तशी, आणि त्यातून मिळणाऱ्या सिग्नलवर गाठ वाढते. हे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. म्हणजे मेंदूचं जे रोजचं काम, त्यावरच ती पोसली जात होती.

मे महिन्यात काकीला हे सांगायचं कसं ते कळेना. मग मागच्या कलमावर बांडगूळ दिसलं. म्हटलं, काकी, हे वरवर छाटलं तर काय होतं? ती म्हणाली, परत फुटतं, त्याचं मूळ फांदीच्या आत असतं, खालून फांदीच तोडायला लागते. म्हटलं, आणि त्याला पाणी कोण देतं? "झाडच देता, आणखी कोण." तसंच होतं काकांचं, फक्त हे बांडगूळ पक्ष्याने बाहेरून आणलेलं नव्हतं, आतल्याच पेशी बिघडल्या होत्या आणि शेजारच्या पेशी नेहमीचं काम करता करता गाठीला सांभाळत होत्या, त्यात चूक कोणाचीच नव्हती, डॉक्टरची नाही, काकांच्या विडीची नाही आणि तुझ्या सेवेची तर नाहीच नाही.

"मगे फांदी कित्याक नाय तोडल्यांनी?"

म्हटलं, ती फांदी म्हणजे काकांचं बोलणं होतं. गाठ डाव्या बाजूला, शब्द जिथून येतात तिथेच, अजून दोन बोटं आत गेले असते तर तुला हाक पण मारता आली नसती त्यांना.

आता जगात औषधं शोधतायत ती याच शेजारावर पण, पहारेकऱ्यांना परत शुद्धीवर आणायचं, न्यूरॉनची ती जोडणी तोडायची. सोपं नाही, उंदरात चाललेली औषधं माणसात अडकलीयत. काकांना मिळाली ती रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड नावाचं केमोचं औषध, २००५ पासून चालत आलेली ट्रीटमेंट.

काकी बराच वेळ कलमाकडे बघत होती. मग म्हणाली, शेवटच्या गणपतीत त्यांना माझं नाव आठवत नव्हतं काही वेळा, पण आरतीला उभे राहिले आणि सुखकर्ता अख्खी म्हटली रे, एक शब्द चुकला नाही.