वारसनोंद आणि माझी चालढकल

बाबा गेल्यानंतर बागेला दुसरा मोहोर येऊन गेला, तरी सातबाऱ्यावर नाव त्यांचंच होतं. राजापूर तालुक्यात आमची हापूसची छोटी बाग आहे, ती मीच बघतो. वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ मध्येच तसं आहे. मला ते ठाऊक होतं. दर सोमवारी ठरवायचो, या आठवड्यात करून टाकू. आठवडा सरायचा.

घरचे म्हणायचे, आळस सोड. मला ते पटत नसे. पावसाआधी कलमांवरची बांडगुळं काढून होतात, मोहोर धरावा म्हणून घालायचं कल्टार हे औषध वेळेवर पडतं, मोहोरावर तुडतुडे दिसले की त्याच दिवशी पंप पाठीला लागतो. आळशाच्या हातून आंब्याची बाग टिकत नाही. मग हेच एक काम का अडावं?

या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा फ्यूशिया सिरवा आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांचं २०१३ सालचं म्हणणं वाचनात आलं. त्यांच्या मते चालढकलीचं मूळ वेळेच्या नियोजनात कमी आणि मनःस्थितीत जास्त असतं. काम समोर आलं की भीती, कंटाळा, अपराधीपणा असं काहीतरी वर येतं. काम बाजूला सारलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचीच सवय लागते. वाचून मी थांबलो. दिवस किती मोकळे आहेत, हेच आजवर मोजत आलो होतो. या कामात नेमकं दुखतंय काय, हे स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

दोन गोष्टी दुखत होत्या. पहिली म्हणजे बाबांची ट्रंक. सगळे कागद तिच्यात, आणि ती उघडायची म्हणजे त्यांचं अक्षर बघायचं. त्यासाठी जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची साधी रीत धरली. ‘करीन कधीतरी’ असं न म्हणता ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधीच बांधून ठेवायचं. मी ठरवलं, सकाळी बागेतून येऊन चहा झाला की ट्रंक उघडायची आणि एकच कागद बाहेर काढायचा. वाचायचा नाही, आवरायचं नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. शेतसाऱ्याच्या पावत्या सुतळीने बांधलेल्या, प्रत्येक गठ्ठ्यावर पेन्सिलीने साल. खाली वही, कुठलं कलम कधी लावलं त्याची. त्या दिवशी आठ-अचा, म्हणजे खात्यावर किती जमीन आहे ते दाखवणारा, जुना उतारा काढला आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी वही उघडून बराच वेळ बसलो. रडूही आलं. येणारच होतं, आणि ते येईल म्हणूनच इतके दिवस मी ट्रंकेकडे फिरकत नव्हतो.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती, डोंबिवलीच्या ताईला फोन. वारसनोंदीत बहिणीचं नाव लागतंच. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तरी आमच्याकडे कागदांचा विषय निघाला की कुणीतरी हक्कसोड पत्राची गोष्ट काढतोच. मी फोन केला तर ताईला वाटेल, हा सही मागतोय. ही भीती मी कुणाजवळ बोललो नव्हतो. शेवटी फोनवर पहिलं वाक्य तेच बोललो, “ताई, हक्क सोडायला सांगत नाहीये हां, आपली सगळ्यांची नावं लावायची आहेत.”

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “अरे, मी विषय काढला असता तर तुला वाटलं असतं, ही वाटा मागतेय. म्हणून मीही बोलले नाही.”

दोघंही एकाच भीतीने गप्प होतो. संध्याकाळी तिच्या आधार कार्डाचा फोटो मोबाईलवर आला.

पुढचं काम खरंच साधं होतं. अर्ज, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, आठ-अ. हल्ली ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला की नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नव्या सातबाऱ्यावर आईचं, ताईचं आणि माझं नाव आलं.

विजेचं मीटर अजून बाबांच्या नावावर आहे. तिथे मात्र काही दुखत नाही, निव्वळ कंटाळा आहे, आणि कंटाळ्याला सोबत लागते असं माझं मत झालंय. घर शाकारायचं असलं की अख्खी वाडी हाताला येते, म्हणून ते काम कधी मागे पडत नाही. कागदाच्या कामाला माणूस एकटाच जातो. शेजारच्या काकांनाही मीटरवरचं नाव बदलायचंय. त्यांना म्हटलं, “काका, बुधवारी सकाळच्या एसटीने दोघं जाऊया.” त्यांनी कागद पिशवीत भरूनही ठेवलेत.